मुटके

महानंदाला या आठवड्यात नाईट आहे.
ती दवाखान्यातून साडेआठला येते,
अक्कूची रिक्षा सव्वासातला.
त्याच्या आधीचं सगळं माझ्याकडे.

मी मोटारी भरतो.
जळालेली तार उपसायची, नवी गुंडाळायची.
उदगीर ते देवणी, कुणाच्याही बोअरची मोटार बसली
की माझ्या दुकानात येऊन पडते.
घरचा मिक्सर मात्र दिवाळीपासून जळून पडलाय.
म्हणून किसणी.

दुधी, एक गाजर, आणि रात्रीच निवडून
ओल्या फडक्यात गुंडाळलेली मेथी.
फ्रिजवर तिची चिठ्ठी:
‘सिद्धूला मिरची नको. ओवा चोळून घाला.
दुधीचं पाणी फेकू नका, त्यातच पीठ भिजवा.’
आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो,
पाणी फेकू नका, हे मला लिहून सांगावं?
पण ती लिहिते.
मी दोनदा वाचतो.

ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, हळद.
कुठली तार बावीस गेजची, कुठली चोवीसची,
हे माझी बोटं डोळे मिटून सांगतात,
पीठ मात्र रोज नवीन गिऱ्हाईक.
परवा इतकं सैल झालं की वाफेवर
मुटक्यांची एकच भाकर झाली.
अक्कूनं डबा तसाच परत आणला.
“पोरी इचारलालत्या, हे काय हाय म्हणून.”
“मग काय सांगितलीस?”
“झाकण लावले.”
तिला वारा भरलेलं लाल पाकीट हवं असतं,
पाच रुपयांचं,
जे उघडताना आख्खा वर्ग मागे वळून बघतो.

सिद्धू दीड वर्षाचा.
आठ दात, आठही नकारासाठी.
वरणात गाजर लपवलं, शिऱ्यात दुधी लपवला,
तो जिभेवरून मेथीचं एकेक पान
दोन बोटांनी ओढून काढतो,
मी खाचेतून जळकी तार काढतो तसं,
घाई न करता,
आणि माझ्या पायजम्याला पुसतो.

आज तो लवकर उठला आणि थेट परातीत बसला.
रडू नये म्हणून पिठाचा एक गोळा दिला.
त्यानं मूठ आवळली.
उघडली.
पिठावर चार बारीक वळ्या,
एका कडेला नखाची कोर.
त्यानं माझ्याकडे बघितलं,
मी त्या वळ्यांकडे.
मग माझ्या मुटक्यांच्या शेजारी
त्याचाही चाळणीत ठेवला,
वर झाकण, झाकणावर वरवंटा.

पंधरा मिनिटं स्वयंपाकघराला तिळाचा वास.
ताटलीत त्यानं माझे पाचही बाजूला सारले.
आपला ओळखला.
फुंकर घातली, थुंकीच जास्त,
पुन्हा मुठीत धरून बघितला, बसतोय का,
आणि खाल्ला.
मेथीसकट.
मी काही बोललो नाही.
बोललं की थांबतो तो.

दारात अक्कू, एक वेणी घातलेली, एक सुटी,
रिबन दातात धरलेली.
“मला बी द्या की पीठ.”
परातीत एका मुठीपुरतंच उरलं होतं.
खाली रिक्षाचा भोंगा.
वाफवायला वेळ कुठला?
तिचा मुटका तव्यावर तेल सोडून परतला,
एका अंगानं जरा करपला.
तिनं तो डब्यात सगळ्यांत वर ठेवला,
सोबत शेंगदाण्याची चटणी,
आणि सुट्या वेणीनंच पळाली.

साडेआठला महानंदा आली.
चपला न काढता उंबऱ्यातच उभी राहिली,
माझ्या हातचा एक मुटका तोडला,
डोळे अर्धे मिटून चावत राहिली.
मी सिद्धूचं सांगणार होतो.
“ओवा विसरलाव की,” ती म्हणाली,
आणि दुसरा उचलला.

डबा अजून शाळेत आहे.
साडेबाराला कळेल.